दोर, बूम आणि फाळ : एम८८ए१ रिकव्हरी गाडीचे १/३५ मापाचे मॉडेल

९ एप्रिल २००३ रोजी बगदादच्या फिर्दोस चौकातला सद्दाम हुसेनचा पुतळा खाली आला, ते दृश्य आपल्यापैकी अनेकांनी टीव्हीवर पाहिले आहे. गळ्यात साखळी अडकवून ज्या गाडीने तो पुतळा ओढला, तो रणगाडा नव्हता. त्या गाडीला बुरूज नव्हता, तोफ नव्हती; पुढे दोन पायांचा लोखंडी बूम, म्हणजे वजन उचलायचा दांडा, उभा होता. ती एम८८, अमेरिकी सैन्याची रिकव्हरी गाडी. रुतलेला, उलटलेला, बंद पडलेला रणगाडा ओढून काढायचा आणि गरज पडली तर रानातच त्याचे इंजिन उचलून बाहेर घ्यायचे, हे तिचे काम.

रणगाड्याच्या मॉडेलकडे पाहणाऱ्याची नजर आधी तोफेवर जाते. इथे ती दोरांवर जाते. दोर कुठून निघाला, कोणत्या पुलीवरून गेला, त्याला ताण आहे की तो सैल पडला आहे, आणि त्या ताणाला तोल देणारा पुढचा फाळ (जमिनीत रोवायचे रुंद पाते) जमिनीत आहे की हवेत, यावर हे मॉडेल उभे राहते किंवा पडते. म्हणून या लेखातला पायऱ्यांचा क्रम संचातल्या आराखड्याप्रमाणे नाही, दोर आणि बूम यांच्या सोयीने लावला आहे. समोर तैवानच्या एएफव्ही क्लब या कंपनीचा एम८८ए१ चा प्लॅस्टिक संच आहे असे धरून मी लिहितो. दुसऱ्या कुठल्या रिकव्हरी गाडीचा संच असेल तरी यातले बहुतेक सगळे लागू पडेल.

आधी गाडी समजून घ्या

मूळ एम८८ १९६१ मध्ये सैन्यात आली. पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क इथे बोवेन-मॅक्लॉक्लिन-यॉर्क या कंपनीने ती बांधली. चाके, निलंबन आणि इतर बरेच भाग त्या काळच्या पॅटन रणगाड्यांच्या घराण्यातले. १९७७ पासून तिच्यात पेट्रोलऐवजी ७५० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन बसू लागले आणि नाव झाले एम८८ए१. वजन सुमारे ५१ टन. मुख्य विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओढणारे यंत्र, ९०,००० पौंड, म्हणजे साधारण ४० टनांनी ओढते. तिचा दोर सव्वा इंच जाड आणि ६१ मीटर लांब. हा दोर गाडीच्या पुढून निघतो, मागून नव्हे. पुढचा रुंद फाळ जमिनीत रोवायचा, गाडी अशी नांगरून ठेवायची आणि अडकलेला रणगाडा समोरून आपल्याकडे ओढून घ्यायचा, अशी ही पद्धत. बूम ५०,००० पौंडांपर्यंत, म्हणजे पावणेतेवीस टनांच्या आसपास उचलतो, पण फाळ जमिनीवर टेकवलेला असला तरच. फाळ न टेकवता ही क्षमता त्याच्या एका लहान हिश्श्यावर येते.

शेवटचे वाक्य मॉडेल करणाऱ्याने भिंतीवर लिहून ठेवावे असे आहे. बूम वर, हुकाला जड इंजिन टांगलेले आणि फाळ मात्र हवेत, असे मॉडेल मी प्रदर्शनांत पाहिले आहे. रंगकाम अप्रतिम असते, पण गाडी करत असलेले काम अशक्य असते.

तेव्हा निप्पर (भाग कापायची पक्कड) हातात घेण्याआधी तीनपैकी एक स्थिती ठरवा. पहिली, प्रवासात: बूम मागे टपावर मिटलेला, फाळ वर, हुक बांधलेला. बांधायला ही सर्वांत सोपी. दुसरी, ओढताना: फाळ रोवलेला, मुख्य दोर समोर ताठ. यात दोराच्या टोकाला दुसरा रणगाडा लागतो किंवा दोर देखाव्याच्या कडेवर तरी न्यावा लागतो. तिसरी, उचलताना: बूम पुढे झुकलेला, फाळ जमिनीवर, हुक खाली लोंबतो आहे. पहिल्यांदाच करत असाल तर मी तिसरी सुचवेन, पण हुक रिकामा ठेवून. गाडीचे सगळे वैशिष्ट्य दिसते आणि उचललेल्या इंजिनाचे वेगळे मॉडेल करावे लागत नाही. पुढचे वर्णन याच स्थितीचे आहे.

काळही ठरवा. मी १९९१ चे आखाती युद्ध घेतो. त्या युद्धातले एम१ए१ अब्राम्स रणगाडे सुमारे ५७ टनांचे होते, ओढणाऱ्या गाडीपेक्षा जड. एका अब्राम्ससाठी दोन-दोन एम८८ए१ जुंपाव्या लागत. पुढे १,०५० अश्वशक्तीची एम८८ए२ आली ती यामुळेच. त्या ओढाताणीत झिजलेली, धुळीने माखलेली, मूळच्या हिरव्यावर घाईने वाळूचा रंग चढवलेली गाडी रंगवायला जो आनंद आहे, तो कोऱ्या गाडीत नाही.

एम८८ आपल्या सैन्यात नव्हती. तरी तिच्या चाकांचे घराणे जवळून पाहायचे असेल तर अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये जा. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून जिंकलेले पॅटन पाहायला तिथे लोक येतात. त्यांच्या चाकाजवळ बसून पाहा: रबराची कड किती रुंद आहे, धातू आणि रबर यांच्या सांध्यात माती कशी बसते, बिजागरीपाशी गंज कुठे सुरू होतो. छायाचित्रात हे इतके कळत नाही.

सामान

बाजूने कापणारे चांगले निप्पर, नवे पाते लावलेला छंदाचा चाकू, ४००, ६०० आणि १००० नंबरचे पॉलिश पेपर, टोकदार आणि बाकदार असे दोन चिमटे, ०.३ ते १ मिमीच्या ड्रिल बिट आणि हाताने फिरवायचे ड्रिल, पातळ प्लॅस्टिक सिमेंट (प्लॅस्टिक जोडणारे द्रव), जाडसर सुपर ग्लू, बारीक भेगांसाठी पुट्टी. रंगासाठी ०.३ मिमी सुईचा एअरब्रश. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर हवाच. आपल्या दमट हवेत त्याच्याशिवाय रंगात थेंब उडतात.

पातळ सिमेंट, लॅकर थिनर यांसारखे ज्वलनशील द्रव विमानाने पाठवता येत नाहीत, म्हणून ते मागवले की यायला वेळ लागतो. एक बाटली उघडली की दुसरी मागवा. तामियाचे अ‍ॅक्रिलिक रंग मात्र औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनेही पातळ होतात. खिडकी उघडी ठेवा, बाष्प अडवणारा मास्क लावा, आणि ज्या टेबलावर थिनर आहे तिथे आग आणू नका. पुढे दोरासाठी गॅसची शेगडी लागणार आहे, ते काम स्वयंपाकघरातच करा.

फांद्या धुणे आणि भाग काढणे

प्लॅस्टिकच्या फांद्या (भाग ज्यांना जोडून येतात त्या चौकटी) भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा आणि वाऱ्यावर वाळवा. साच्यातून सुटावेत म्हणून मारलेले तेल राहिले तर रंग धरत नाही. भाग काढताना दोनदा कापा: आधी भागापासून २-३ मिमी दूर, मग उरलेला खुंट जवळून. एकदम जवळ कापले की प्लॅस्टिक पांढरे पडते आणि कधी तुकडाच निघतो. साच्याच्या रेघा चाकूच्या पात्याने खरवडून काढा. बूमच्या नळ्यांवरची रेघ मात्र आत्ता सोडा, तिच्यासाठी वेगळी युक्ती आहे.

चाके आणि खालचा भाग

या मापात गाडी सुमारे २३६ मिमी लांब आणि ९८ मिमी रुंद होते. एवढ्या लांबीत गाडीचा खालचा डबा जरासा पिळलेला असला तरी नंतर एक चाक हवेत राहते. म्हणून कोरडी जुळणी करून, म्हणजे न चिकटवता भाग बसवून, डबा सपाट काचेवर ठेवा, चारही कोपरे दाबून पाहा. पीळ असेल तर वरचा भाग बसवताना रबर बँड आणि चिमट्यांनी धरून सिमेंट लावा, रात्रभर तसेच ठेवा.

प्रत्येक बाजूला सहा मोठी चाके आणि वर तीन आधाराचे रोलर. चाकांच्या हातांना सिमेंट लावल्यावर दहा-पंधरा मिनिटे ते हलू शकतात. तेवढ्या वेळात सगळ्यांच्या टोकांना एक स्टीलची पट्टी टेकवून ते एका रेषेत आणा. गाडीने पुढचा फाळ टेकवून भार घेतला आहे असे दाखवायचे असेल तर पुढच्या चाकांवरचा दाब किंचित कमी होतो. पण हे अर्ध्या मिलिमीटरचे काम आहे, पहिल्या मॉडेलात सगळी चाके सपाट ठेवा.

चाके आत्ता चिकटवू नका. रबर आणि धातू वेगळे रंगवायचे आहेत. पातळ कार्डातून वर्तुळ कापून केलेला साचा चाकावर धरला की एअरब्रशने एकेक चाक दहा सेकंदांत होते. रबराला शुद्ध काळा वापरू नका. तामियाचा एक्सएफ-८५ किंवा गडद राखाडी घ्या.

चाकांवरून फिरणाऱ्या पट्ट्यांबाबत थोडे. संचात मऊ अखंड पट्टा मिळाला तर तो रोलरांच्या मध्ये खाली ओघळत नाही, ताठ राहतो. खऱ्या पट्ट्याला वजन असते. वरच्या बाजूला पट्टा आणि डबा यांच्या मध्ये दडतील असे स्पंजचे छोटे तुकडे कोंबून त्याला खाली दाबा. कडीकडीने जोडायचा पट्टा असेल तर टेपवर लावून सरळ ओळ करा, पातळ सिमेंट द्या, अर्ध्या तासाने तो वाकण्याइतका नरम असतानाच चाकांवर गुंडाळा आणि रोलरांमध्ये कापसाने दाबून झोळ द्या. पट्टा बसवून पाहा, आकार धरू द्या, मग रंगासाठी पुन्हा काढा.

वरचे कवच

एम८८ च्या कवचात ओतीव भाग आणि लाटलेले पत्रे वेल्डिंगने जोडलेले आहेत. प्लॅस्टिकमध्ये दोन्ही सारखेच गुळगुळीत दिसतात, हा संचांचा नेहमीचा दोष. ओतीव भाग कुठले हे छायाचित्रात पाहून घ्या: गोलाई असलेले, कडा मऊ असलेले. त्यांच्यावर पुट्टी आणि पातळ सिमेंट मिसळून केलेला दुधासारखा लेप जुन्या ताठ ब्रशने टिपत लावा. ओढायचा नाही, टिपायचा. वाळला की ६०० नंबरच्या पेपरने वरवर फिरवा, म्हणजे टोके जातील आणि खडबडीतपणा राहील. बोटाला जाणवेल पण लांबून दिसणार नाही, इतपतच हवा. १/३५ मध्ये जास्त झाला की भिंतीचा गिलावा दिसतो.

जिथे दोन पत्रे भेटतात तिथली वेल्डिंगची शीग पुसट असेल तर इपॉक्सी पुट्टीची केसाएवढी वळी लावा आणि चाकूच्या गोल टोकाने जवळजवळ दाबत जा. दोन-तीन ठळक सांधे केले तरी पुरे.

झाकणे बंद ठेवा. आत काहीच नाही, आणि उघड्या झाकणातला काळोख बाकीच्या मेहनतीला उणेपणा आणतो. बाजूच्या लांब पेट्या, जाळ्या, हाताने धरायच्या कड्या बसवा. कड्या प्लॅस्टिकच्या जाड असतील तर ०.५ मिमी तांब्याच्या तारेच्या करा. एक कडी पक्कडीत वाकवायची, बाकीच्या तिच्या मापाने. पहार, घण, फावडे, कप्प्या, टो-बार (गाडी ओढायचा दांडा) हे सगळे वेगळे रंगवून शेवटी लावायचे; आत्ता त्यांची जागा फक्त भोके पाडून ठेवा.

बूम

इथे घाई करू नका. पहिल्या वेळी मी बूमचे दोन पाय आधी आडव्या दांड्याला चिकटवले, वाळू दिले, आणि मग गाडीवर बसवायला गेलो. एका पायाचे टोक खुंटीपासून दीड मिलिमीटर दूर राहिले. ते जुळवायला जोर लावला तेव्हा पाय मोडला. तेव्हापासून मी बूम गाडीवरच जोडतो: दोन्ही पायांची बुडे खुंट्यांत बसवून, वरचे टोक सुतळीने बांधून, मग आडव्या दांड्याला पातळ सिमेंट. गाडीच साचा होते. चोवीस तासांनी सोडवा.

नळीवरची साच्याची रेघ खरवडली तर नळी चपटी होते. त्याऐवजी पॉलिश पेपरची ५ मिमी रुंद पट्टी कापा आणि बूट पुसतो तशी नळीभोवती मागे-पुढे ओढा. गोलाई टिकते, रेघ जाते.

बुडाच्या बिजागरीत प्लॅस्टिकची खुंटी असते. ती कापून १ मिमी भोक पाडा आणि पितळेचा खिळा घाला. दोन कारणे. मॉडेल उचलताना बूमलाच हात लागतो, तेव्हा पितळ वाकेल पण तुटणार नाही. आणि रंगकामाच्या वेळी बूम मिटवता-उघडता यायला हवा, ते का ते पुढे येईल.

टोकावरच्या पुल्या चिकटवण्याआधी त्यांच्या खोबणीत चाकूच्या पाठीने एकदा फिरवा, उरलेले प्लॅस्टिक निघते. त्या खोबणीत दोर खरोखर बसला पाहिजे.

दोर

संचातल्या दोऱ्याला केस असतात आणि तो वजन असल्यासारखा वाकत नाही. तांब्याचा दोर घरी वळता येतो, आणि त्याचे गणित सुंदर आहे.

खरा मुख्य दोर सव्वा इंच, म्हणजे ३१.७५ मिमी. भागिले ३५, साधारण ०.९ मिमी. पोलादी दोराची नेहमीची घडण म्हणजे मध्ये एक गाभा आणि भोवती सहा पेड. सारख्या जाडीच्या सात तारा अशा ठेवल्या की एकूण जाडी एका तारेच्या तिप्पट होते. म्हणजे ०.९ मिमीच्या दोराला ०.३ मिमीच्या सात तारा लागतात. आता घरात वापरतो ती १ चौरस मिमीची लवचीक वायर पाहा: तिच्यात बहुधा ०.३ मिमीच्या १४ तारा असतात. हातभर वायर सोलली की बरोबर दोन दोरांचा माल. उचलण्याचा दोर याच्या निम्म्या जाडीचा धरा. त्याला जुन्या मोबाइल चार्जरच्या वायरीतल्या ०.१५ मिमीच्या जवळपासच्या तारा चालतात.

तारा आधी मऊ करा. गॅसच्या ज्योतीच्या कडेवरून पटकन फिरवा, मंद लाल झाली की बाहेर. थांबलात तर इतकी बारीक तार वितळते. गार झाल्यावर सातही तारांची एकेक टोके टेबलाच्या कडेला शिकंज्यात धरा, दुसरी टोके हातड्रिलच्या चकमध्ये. मधली तार बाकीच्यांपेक्षा किंचित ताणून धरायची, म्हणजे ती गाभ्यातच राहते आणि बाकीच्या सहा तिच्याभोवती फिरतात. हलका ताण देत सावकाश फिरवा. दहा सेंटिमीटरला बारा-पंधरा पीळ दिसू लागले की थांबा. आणखी पिळले तर दोर साखळीसारखा गोळा होतो. पिळताना लांबी कमी होते, म्हणून हवी त्यापेक्षा एक पंचमांश जास्त घ्या. पहिले दोन दोर बहुतेक वाया जातात, तिसरा जमतो.

ताठ दोरासाठी शेवटची क्रिया: एक टोक शिकंज्यात, दुसरे पक्कडीत, आणि दोर जरासा लांबल्याचे हाताला जाणवेपर्यंत एक सरळ ओढ. तो सुतासारखा सरळ होतो आणि तसाच राहतो. सैल दोरासाठी उलटे: पुन्हा ज्योतीवरून फिरवून मऊ करा आणि बोटाने ओघळ द्या.

बूमच्या टोकाकडून हुकाच्या ठोकळ्यापर्यंत दोर किती फेरे घेतो ते छायाचित्रात मोजा आणि तितकेच घ्या. सगळे फेरे समांतर आणि जमिनीशी काटकोनात हवेत. हुक जड असतो, तो वाऱ्यावर तिरका लोंबत नाही. बूमला मागून धरणारे दोर मात्र पूर्ण ताठ. ते सैल दिसले की डोळ्याला बूम पडणार असे वाटते.

दोर आत्ता फक्त मापाने कापून, क्रमांक लावून डबीत ठेवा. व्हिनेगर आणि मिठाच्या पाण्यात मिनिटभर बुडवून धुतले की तांबे स्वच्छ होते आणि प्रायमर धरते.

रंग

पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत असाल तर हवेतली आर्द्रता पाहा. सत्तर टक्क्यांच्या वर लॅकरचे थर पांढुरके पडतात. दुपारी पाऊस थांबलेला असताना, पंखा बंद करून आणि बंद खोलीत थोडा वेळ एसी चालवून काम करा, नाहीतर दोन दिवस थांबा. थांबण्याने काही बिघडत नाही.

राखाडी प्रायमरचा पातळ थर द्या. दोष आता दिसतील: राहिलेले सांधे, बोटांचे ठसे. दुरुस्त करून पुन्हा एक थर.

आता पहिला रंग हिरवा. जर्मनीतल्या तळांवरून आखातात गेलेल्या अमेरिकी गाड्या मूळच्या हिरवा-तपकिरी-काळा अशा तीन रंगांत होत्या. त्यांपैकी कित्येक बंदरांवर वाळूच्या रंगाने रंगवल्या गेल्या. तामियाचा एक्सएफ-६७ सगळीकडे मारा, एक्सएफ-६८ तपकिरी आणि एक्सएफ-६९ काळा यांचे पट्टे मोकळ्या हाताने द्या. नंतर बहुतेक झाकले जाणार आहेत, त्यामुळे कडा अचूक नसल्या तरी चालतील. हा थर दोन दिवस वाळू द्या, वर केस बसवायच्या स्प्रेचे दोन पातळ थर मारा.

आणि इथे बूम मिटवा. गाडीवर वाळूचा रंग मारणारा माणूस बूम उचलून खालून रंगवत बसला नसणार. बूम मिटलेला असताना वरून फवारा मारला की त्याच्या खालचा टप, नळ्यांची खालची बाजू, पेट्यांच्या आडचे कोपरे हे सगळे हिरवेच राहील. तुम्हीही तसेच करा: बूम टपावर ठेवून, वरून आणि बाजूंनी वाळूचा रंग. मी एक्सएफ-५९ चार भाग, एक्सएफ-५५ तीन भाग आणि एक्सएफ-२ पांढरा एक भाग असा मिसळतो, रंगाइतकाच थिनर, दाब १५ ते १८ पीएसआय, अंतर आठ-दहा सेंटिमीटर. थर पातळ आणि असमान ठेवा, कडांना थोडा हिरवा डोकावू द्या. मग बूम उघडा. टपावर त्याची हिरवी सावली उरलेली दिसेल. मॉडेल पूर्ण झाल्यावर पाहणारा तिथे थांबतो, आणि ही गाडी कधी हिरवी होती हे त्याला न सांगता कळते.

वाळूचा रंग वाळल्यावर तासाभरात, ताठ ब्रश कोमट पाण्यात ओला करून घासण्याच्या जागा हलक्या हाताने चोळा. खालचा स्प्रे विरघळतो आणि वरचा रंग कणाकणाने सुटून हिरवा बाहेर येतो.

डेकलखाली (छापील खुणांच्या पातळ पापुद्र्याखाली) चकचकीत वार्निश, वर मऊ करणारे द्रावण, मग मॅट. आखातातल्या मित्रसैन्याच्या गाड्यांवर ओळखीची उलट्या व्ही ची खूण असे. ती साच्यातून काळ्या रंगाने मारली तर डेकलपेक्षा बरी दिसते.

कामाच्या खुणा

या टप्प्यावर बरेच जण सगळ्या कडांना सारखाच चंदेरी रंग घासतात. रिकव्हरी गाडीत झिजेला कारण असते. दोर जिथून बाहेर पडतो त्या तोंडाच्या कडा रंग जाऊन नागड्या धातूच्या होतात. फाळाची खालची धार चकचकीत, तिच्यावर तीन-चार मिलिमीटरपर्यंत उभे ओरखडे, आणि त्याच्यावर रंग जवळजवळ शाबूत. बूमच्या टोकाजवळ साखळ्यांचे ठोके. टपावर चढण्याच्या पायऱ्या आणि झाकणांच्या कडा बुटांनी झिजलेल्या. पेट्यांची झाकणे कडीपाशी झिजतात, मध्ये नाही. पट्ट्याला रबराचे ठोकळे असल्याने जमिनीला टेकणारा भाग चमकत नाही. चमकतात त्या फक्त कडेच्या जोडकड्या आणि चाकांमधून जाणारे मार्गदर्शक दात. रबराच्या पट्ट्याचा सगळा तळ चंदेरी केलेला पाहिला की मला वाईट वाटते.

सावल्यांसाठी कॅमलच्या तैलरंगाच्या ट्यूबमधला बर्न्ट अंबर आणि थोडा काळा पुरतो. रंग पुठ्ठ्यावर अर्धा तास ठेवा, पुठ्ठा तेल शोषतो आणि तो मॅट वाळतो. वास नसलेल्या थिनरने चहाच्या पाण्याइतका पातळ करून फक्त सांध्यांत, नटांभोवती सोडा. वाळूच्या रंगावर निव्वळ काळा वॉश देऊ नका, गाडी काजळलेली दिसते.

वंगण वेगळे. बिजागऱ्या, पुल्यांचे आस, हायड्रॉलिक सिलिंडरचे तोंड इथे तोच रंग चकचकीत वार्निशमध्ये मिसळून लहान ठिपका लावा आणि कोरड्या ब्रशने खाली ओढा. सिलिंडरचा बाहेर आलेला दांडा स्वच्छ चंदेरी हवा, त्यावर गंज किंवा धूळ नाही, कारण प्रत्येक वेळी आत जाताना तो पुसला जातो. डिझेल भरण्याच्या तोंडाभोवती सांडल्याचे दोन-तीन डाग, त्यांच्यावर चिकटलेली धूळ थोडी जास्त.

धुळीला सॉफ्ट पेस्टलचा खडू पॉलिश पेपरवर घासून भुकटी करा. फिकट पिवळट, थोडा राखाडी. आपल्या अंगणातली माती चाळून वापरण्याचा मोह होतो, पण आपली काळी किंवा तांबडी माती इराकच्या वाळवंटात शोभत नाही. भुकटी आडव्या पृष्ठांवर, चाकांच्या आतल्या कोपऱ्यांत, पेट्यांच्या मागे टाका आणि आयसोप्रोपिलचा थेंब कडेने सोडून बसवा. ओली असताना ती नाहीशी झाल्यासारखी वाटते. आणखी टाकू नका, वाळली की परत येते. जिथे माणसे सतत चालतात तिथे धूळ कमी, कडांना जास्त.

शेवटची जोडणी

चाके, मग पट्टे, मग अवजारे. लाकडी दांड्यांना फिकट तपकिरीवर तैलरंगाच्या उभ्या रेघा. बूम हव्या त्या कोनात आणून पितळी खिळ्यापाशी सुपर ग्लूचा एक थेंब. फाळ खाली, त्याची धार टेबलाला टेकते का ते कागदाची पट्टी सरकवून पाहा. कागद अडला तर बरोबर.

दोर सर्वांत शेवटी. त्यांना गडद धातूचा रंग, वर बर्न्ट अंबरचा वॉश, आणि पुलीवरून जाणारा भाग मऊ पेन्सिलीने घासून उजळ. आधी बूमचे मागचे ताणदोर एकेक करून, दोन्ही बाजूंची लांबी सारखी ठेवून. मग हुकाचा ठोकळा: तो टेबलावर ठेवलेल्या काडेपेट्यांच्या उंचीवर टेकवून दोराचे फेरे एकेक पुलीत बसवा, टोकाला ग्लू, आणि पूर्ण वाळल्याशिवाय काडेपेट्या काढू नका. काढल्यावर समोरून आणि बाजूने दोऱ्याचा ओळंबा धरून पाहा. हुक ओळंब्यात नसेल तर बूमच्या टोकाशी दोर चिमट्याने केसभर हलवा.

मुख्य विंचचा दोर वीतभर बाहेर काढून फाळाच्या वरून जमिनीवर सैल सोडा, टोकाला शॅकल (दोर अडकवायची कडी). वाळवंटात ओढलेल्या दोराला वाळू चिकटते, म्हणून या तुकड्यावर वंगणाचा हलका हात देऊन पेस्टलची भुकटी टाका, नंतर फुंकर मारा. जी राहील ती बरोबर. मॉडेल काचेच्या पेटीत ठेवताना बूमची उंची मोजून पेटी घ्या. झाकण बूमच्या टोकाला घासता कामा नये.